रस्ता राज्याचा, बाजारपेठ राष्ट्राची

चाकणच्या कारखान्यातून निघालेली नवी कोरी मोटार कोलकात्याच्या विक्रेत्याकडे पोहोचते, ती दुमजली ट्रेलरच्या पाठीवर बसून. वाटेत महाराष्ट्र, छत्तीसगढ, ओडिशा, झारखंड आणि पश्चिम बंगाल अशी पाच राज्ये लागतात. ट्रेलर तोच, भार तोच, चालकही तोच; पण प्रत्येक सीमेवर तपासणारे हात बदलतात आणि अनेकदा कायद्याचा अर्थही बदलतो. या बदलत्या अर्थाची किंमत अखेर कोण मोजतो, याचा विचार राज्यकर्त्यांनी आणि समाजानेही केला पाहिजे.

आपल्या राज्यघटनेने यांत्रिक वाहनांचा विषय समवर्ती सूचीत ठेवला आणि वाहनांवरील कर राज्यांकडे सोपवला. त्याच घटनेच्या ३०१व्या अनुच्छेदाने भारतभर व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल, अशी ग्वाही दिली. ३०४व्या अनुच्छेदाने लोकहितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही राज्यांना दिली. हा तोल विचारपूर्वक साधलेला आहे. घाटातील वळणे, जुने पूल, गावातून जाणारा अरुंद रस्ता यांची जाण दिल्लीपेक्षा स्थानिक शासनाला अधिक असते, हे कोण नाकारील? प्रश्न असा की, निर्बंध जीव वाचवण्यासाठी आहे की तिजोरी भरण्यासाठी?

अमेरिकेला हाच प्रश्न फार पूर्वी पडला होता. चालकाच्या डोक्यावर, म्हणजे केबिनच्या वर, दुसरे वाहन लादून नेण्यास पेनसिल्व्हेनिया राज्याने बंदी घातली. मोटारी वाहून नेणाऱ्यांनी या बंदीला आव्हान दिले. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. रस्त्यावरील सुरक्षितता हा राज्याचा रास्त विषय आहे आणि वाहनांचा आकार व वजन ठरवण्याचा राज्यांचा अधिकार १९३५च्या संघीय कायद्याने काढून घेतलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पुढे याच अधिकाराच्या आडून विसंगती वाढत गेली. इलिनॉय राज्याने मालमोटारींना वक्र मडगार्ड सक्तीचे केले, तर सरळ मडगार्ड पंचेचाळीस राज्यांत वैध होते. १९५९ साली न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. १९८१ साली आयोवा राज्याची पासष्ट फुटी जोड-ट्रेलरवरील बंदीही टिकली नाही. अखेर १९८२ साली तेथील काँग्रेसनेच प्रमुख महामार्गांसाठी देशव्यापी नियम घालून दिले. न्यायालयांत चार दशके रेंगाळलेला प्रश्न कायदेमंडळाने मार्गी लावला.

आपल्याकडे वाहनांच्या लांबी-रुंदी-उंचीचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार देशभर एकच आहेत, ही जमेची बाजू आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने दुचाकी वाहून नेणाऱ्या मालमोटारींना तीन मजल्यांपर्यंत परवानगी दिली. अट एवढीच की, सांगाडा चालकाच्या केबिनवर येता कामा नये. पेनसिल्व्हेनियाला जी काळजी वाटत होती, तीच येथे एका नियमाने सर्व राज्यांसाठी घेतली गेली. नियम कसा असावा, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुखणे आहे ते अंमलबजावणीत. काही राज्यांनी ठरावीक रक्कम घेऊन मालमोटारींना जादा भार वाहण्याची जणू सनदच देऊ केली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला आणि जादा माल उतरवल्याखेरीज वाहन पुढे जाऊ देऊ नये, असे बजावले. पैसे भरल्याने पूल बळकट होत नाही की ब्रेक अधिक लागत नाहीत. २०१९च्या सुधारित कायद्याने जादा भारासाठी किंवा मालाचा भाग मर्यादेबाहेर काढण्यासाठी वीस हजार रुपयांचा दंड ठरवला. पण नव्या कायद्यातील दंडांबाबत राज्यांची चाल वेगवेगळी राहिली. गुजरातने अनेक गुन्ह्यांचे दंड घटवले, तर महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. शेजारच्या दोन राज्यांत एकाच गुन्ह्याची किंमत वेगळी असेल, तर चालकाने कायद्याचा आदर कोणत्या दराने करावा?

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला, मुंबईचा जकात नाका इतिहासजमा झाला आणि करवसुलीसाठी थांबलेल्या रांगा हटल्या. आता वाहन-तपासणीतही तीच एकवाक्यता हवी. एक, दंडाचे दर आणि ते आकारण्याची रीत सर्व राज्यांत समान असावी. दोन, एखाद्या घाटासाठी वा पुलासाठी वेगळा निर्बंध हवा असेल, तर तो कारणासह आगाऊ जाहीर व्हावा. सीमेवर पोहोचल्यावर तो ऐकवला जाऊ नये. तीन, तपासणी कारखान्याच्या फाटकापासून सुरू व्हावी. कायदा केवळ वाहन चालवणाऱ्याला नव्हे, तर ते तसे चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरतो. बेकायदा लांबीचा सांगाडा बांधणारा, त्यावर मोटारी चढवणारा आणि त्याचा नफा घेणारा हे सारे नामानिराळे राहतात. मध्यरात्री नाक्यावर जाब द्यावा लागतो तो घरापासून हजार मैल दूर असलेल्या चालकाला. हा न्याय नव्हे.

राज्यांचे अधिकार राखणे आणि राष्ट्राची बाजारपेठ एकसंध ठेवणे यांत विरोध नाही. नियम कठोर असोत. व्यापारी कठोर नियमांशीही जुळवून घेतो, अनिश्चित नियमांशी नाही. त्या अनिश्चिततेत गेलेला प्रत्येक दिवस आणि दिलेली प्रत्येक चिरीमिरी वाहतूक खर्चाच्या रूपाने वर्षानुवर्षे पैसे साठवून पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाच्या माथी येते. केंद्र आणि राज्यांच्या परिवहन मंत्र्यांनी एकत्र बसून हा प्रश्न सोडवावा. त्यासाठी घटना बदलण्याची गरज नाही. घटनेने दिलेली ग्वाही पाळण्याची इच्छाशक्ती पुरेशी आहे.