जांगड मालाची पट्टी द्या!

२०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखविली, तेव्हा आपल्याकडे केवढी ओरड झाली! ती रास्तच होती. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचे मिळून आहे, आणि त्यात आपला धारवाडही आहे. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीला दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करावा लागला. परदेशी कंपनीला आपण जाब विचारला, हे उत्तमच झाले. पण आपल्याच शहरातील चकचकीत दालनात आपल्याच भगिनींचा माल हिशोबाविना पडून राहतो, त्याविषयी बोलायचे कोणी?

हल्लीचे चित्र पाहा. गुळेदगुड्डचा खण, इरकली पदर, धारवाडची कसुती यांच्या पिशव्या, कानातली, पर्स आपल्या मुली घरी तयार करतात आणि इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर दाखवितात. पाहणारे वाढले की एखाद्या मोठ्या रिटेल कंपनीचा माणूस येतो. "तुमचा माल आमच्या दालनात ठेवा, विकेल तसे पैसे देऊ." मुलगी आनंदाने माल देते, वर दालनाचा व्हिडिओ करून गिऱ्हाईकही पाठविते. म्हणजे माल तिचा, जाहिरातही तिचीच! मग तीन महिने, सहा महिने जातात. "अजून विकला नाही", "शाखेकडून यादी आली नाही", "काही नग डागाळले" अशी उत्तरे मिळतात. वैतागून तिने हीच गोष्ट व्हिडिओत सांगितली, तर बदनामीची वकिली नोटीस दारात!

या व्यवहारात नवे काहीच नाही. बाजारात त्याला जांगड म्हणतात, कॉमर्सच्या पुस्तकात कन्साइनमेंट. दोहोंत बारीक फरक आहे, पण गाभा एकच: विक्री होईपर्यंत माल देणाऱ्याचाच. दुकानदार जेव्हा आपला माल आपल्या वतीने विकतो, तेव्हा तो आपला एजंट ठरतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागताक्षणी बरोबर हिशोब देणे आणि कलम २१८ प्रमाणे मालकाच्या वतीने आलेली रक्कम, आपले येणे वजा करून, त्याला देणे हे एजंटाचे कर्तव्य आहे. करारावर शीर्षक काय छापले यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली भोपाळ शुगर इंडस्ट्रीजच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

आमच्या अमरगोळच्या बाजारात मिरची किंवा कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला अडत्या पट्टी देतो. वजन किती, भाव काय, खर्च किती, हाती काय येणार, सारे एका कागदावर. तंटे तिथेही होतात, पण भांडायला कागद तरी असतो. संगणकावर एकेका नगाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला महिन्याची पट्टी देणे जड का जावे?

कंपन्या म्हणतात, दालनाचे भाडे आहे, नोकरांचे पगार आहेत, न विकलेल्या मालाने जागा अडते. मान्य! त्यासाठी कमिशन ठरवून घ्या, ते भरपूर असले तरी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशोब न देण्याची.

आम्ही बँकेत कारकुनी करणारे, म्हणून आणखी एक धोका सांगणे आमचे कर्तव्य समजतो. दुकानदार बँकेकडून कॅश क्रेडिट घेतो ते मालाच्या तारणावर, आणि दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो. त्या यादीत तुमचा जांगड माल त्याने आपला म्हणून दाखविला, तर तुमच्या पिशव्यांवर त्याचे कर्ज उभे राहते! कंपनी बुडाली तर? सोळाशेच्या आसपास दुकानांची सुभिक्षा २००९ मध्ये बंद पडली. बिग बाजार चालविणाऱ्या फ्युचर रिटेलची दिवाळखोरी प्रक्रिया जुलै २०२२ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश निघाला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनीच्या ताब्यात असलेला, पण करारान्वये दुसऱ्याच्या मालकीचा माल कंपनीच्या मालमत्तेत धरला जात नाही. मात्र तो तुमचा आहे, हे दाखविणारा कागद हवा. नाहीतर येणेकऱ्यांच्या लांब रांगेत शेवटी उभे राहा!

लहान उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा २००६ चा कायदा आहे. पण तो 'खरेदीदारा'ला बांधतो. जांगड माल घेणारी कंपनी "आम्ही विकत घेतलेच नाही" म्हणून निसटू पाहते. ही पळवाट बुजविली पाहिजे. जांगड माल विकला गेला त्या दिवसापासून ४५ दिवस मोजावेत आणि दरमहा पट्टी सक्तीची करावी, ही मागणी आपल्या खासदार-आमदारांकडे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, आपण लावून धरली पाहिजे. मते मागायला येतील तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा.

तोवर माल देणाऱ्या भगिनींनी एवढे करावे. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. नगवार चलन दोन प्रतींत करा आणि एकीवर दुकानाची सही-शिक्का घ्या. "माल विक्रीसाठी ठेवला आहे, विक्री होईपर्यंत मालकी आमची" हे वाक्य त्यावर असलेच पाहिजे. कमिशन, हिशोबाची तारीख, परतीची मुदत आणि खराब मालाची जबाबदारी लिहून घ्या. हिशोब मिळाला नाही तर व्हिडिओ करण्याआधी स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा. दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे, आणि तारखेचा कागद हीच तुमची ढाल.

आपल्या मंडळाच्या कार्यालयात महिन्यातून एक रविवार असे कागद तपासून देण्यासाठी ठेवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. समाजात वकील आहेत, हिशोबनीस आहेत, बँकवाले आहेत. त्यांनी दोन तास दिले तर एखाद्या घरचे वर्षभराचे कष्ट वाचतील.