काटकसर कोठें करूं नये?

विद्यार्थिमित्रहो, सुट्टी लागली कीं आपल्यापैकीं कित्येक जण खेळांसाठीं घरच्या घरीं संगणक जुळविण्याच्या खटपटीस लागतात, हें मी गेलीं कांहीं वर्षें पाहत आलों आहें. या छंदास मी नांवें ठेवीत नाहीं. खेळांत किती वेळ घालवावा हा प्रश्न निराळा. परंतु स्वतःच्या हातांनीं यंत्र जुळविणाऱ्या मुलास गणित व पदार्थविज्ञान यांचा प्रत्यक्ष उपयोग करावा लागतो, आणि हा लाभ थोडा नव्हे. माझी तक्रार एवढीच कीं, या कामीं बहुतेकांची काटकसर नेमकी भलत्या ठिकाणीं होते.

यादी करतांना प्रथम ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचें काचेचें कॅबिनेट, आणि सरतेशेवटीं उरल्यासुरल्या पैशांत पॉवर सप्लाय, असा क्रम जणूं ठरूनच गेला आहे. पॉवर सप्लायमुळें खेळ अधिक वेगानें चालत नाहीं, व मित्रांस दाखविण्यासारखें त्यांत कांहीं नसतें. म्हणून त्याच्या वांट्यास ही उपेक्षा येते. वास्तविक घरांतील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन त्याचें १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर करावयाचें, आणि तो संगणकाच्या प्रत्येक भागास स्थिर दाबानें पोंचवावयाचा, हें सारें काम या एकट्या पेटीचें आहे. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

या बाबतींत मी स्वतः निर्दोष नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी आपली यादी घेऊन मजकडे आला. त्याचें कार्ड 'आरटीएक्स ४०६०', म्हणजे ११५ वॅटचें. 'रायझन ५ ७६००' हा त्याचा प्रोसेसर पूर्ण भारांत ८८ वॅटपर्यंत घेतो. मदरबोर्ड, पंखे वगैरेंस ५० वॅट धरले, एकूण २५३. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर '५०० वॅट' असें ठळक छापलेलें होतें. "दुपटीची सोय आहे, घे," असें मीं सांगितलें. माझी बेरीज बरोबर होती. पण पेटीच्या बाजूस चिकटविलेला बारीक अक्षरांचा तक्ता मीं वाचला नाहीं. त्यांत १२ व्होल्टपुढें केवळ १८ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १८ म्हणजे अवघे २१६ वॅट! आजच्या संगणकांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोहोंचा मुख्य भार १२ व्होल्टवरच पडतो. बाकीच्या वॅटांपैकीं कांहीं ५ व ३.३ व्होल्टच्या खात्यांत, तर कांहीं नुसते कागदावरच होते. खेळ रंगांत आला कीं संगणक बंद पडे. एके संध्याकाळीं जळका वास आला, आणि पॉवर सप्लायबरोबर मदरबोर्डही गेला. त्या मुलाच्या वडिलांनीं वर्षभर शिल्लक टाकून जमविलेले ते पैसे होते. त्यांनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तरी दोष माझाच होता.

मग निवड कशी करावी? प्रथम १२ व्होल्टपुढील अँपिअर पाहावे. ५५० वॅटच्या चांगल्या पॉवर सप्लायवर हा आंकडा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ सर्व शक्ति जेथें हवी तेथेंच मिळते. दुसरें, गरजेहून पुरेशी अधिक सोय ठेवावी. कारण ग्राफिक्स कार्ड क्षणमात्र आपल्या नेहमींच्या मागणीहून पुष्कळच अधिक वीज ओढतें. वरील कार्डास त्याचे निर्मातेच ५५० वॅटचा, तर २०० वॅटच्या 'आरटीएक्स ४०७०' ला ६५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवितात. याउलट १००० वॅटचा घेऊन मिरविण्यांतही शहाणपण नाहीं.

मोठा पॉवर सप्लाय अधिक वीज खातो, ही कांहीं पालकांची समजूत मात्र चुकीची आहे. संगणक मागेल तेवढेंच तो देतो. वर त्याची स्वतःची नासाडी काय ती पडते. ही नासाडी किती, हें '८० प्लस' या २००४ सालीं सुरू झालेल्या शिक्क्यावरून कळतें. ब्राँझ, गोल्ड इत्यादि त्याच्या पायऱ्या आहेत. २५० वॅटच्या भारास ८० टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय भिंतींतून सुमारें ३१२ वॅट घेईल, ९० टक्क्यांचा २७८. रोज तीन तास खेळल्यास वर्षाची बचत अदमासें ३८ युनिट. तेवढ्यासाठीं गोल्डच हवा असा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. शिवाय हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. अतिभार, अतिदाब व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे काय, आणि निर्माता किती वर्षांची हमी देतो, हें स्वतंत्रपणें विचारावें. पांच वर्षांची हमी मिळत असतां एका वर्षाचीवर समाधान मानूं नये.

आणखी तीन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. अर्थिंग नसलेल्या सॉकेटांत संगणक लावूं नये, व प्लगची तिसरी पिन कधींही काढूं नये. एका पॉवर सप्लायच्या सुट्या केबली दुसऱ्यास जोडूं नयेत. टोकें सारखीं दिसलीं तरी आंतील तारांची मांडणी भिन्न असूं शकते. आणि पेटी उघडूं नये. प्लग काढल्यानंतरही आंतील कपॅसिटरांत घातक विद्युद्भार राहूं शकतो.

पालकांस विनंती अशी कीं, मुलाची यादी हातीं येतांच प्रथम पॉवर सप्लायची ओळ पाहावी. पैसे कमी पडत असतील तर कार्ड एक पायरी खालचें घ्यावें. खेळ थोडा मंद चालेल, इतकेंच. चांगला पॉवर सप्लाय पुढच्या संगणकासही बहुधा उपयोगीं पडतो, आणि वाईट असलेल्या संगणकासही बुडवितो.

त्या विद्यार्थ्याचें कार्ड सुदैवानें वांचलें होतें. गेल्या दिवाळींत त्यानें यंत्र पुन्हां जुळविलें. पैसे देण्यापूर्वीं त्यानें दुकानांतून मला फोन केला, आणि तक्त्यांतील १२ व्होल्टची ओळ वाचून दाखविली. गुणाकार त्यानें आधींच केला होता.