छायाचित्राखाली ज्याचे नाव येत नाही तो दिवा

इतिहासाच्या पुस्तकात छायाचित्र छापले जाते तेव्हा त्याखाली छायाचित्रकाराचे नाव येते, वर्ष येते, स्थळ येते. निगेटिव्हवरून ते चित्र ज्या दिव्याने कागदावर उतरवले, त्या दिव्याबद्दल मात्र एक अक्षर नसते. ही उणीव किरकोळ नाही. एकाच निगेटिव्हचे दोन निराळ्या दिव्यांखाली काढलेले दोन प्रिंट अभ्यासकाच्या दृष्टीने दोन निराळे दस्तऐवज असतात. बखरीच्या दोन प्रतींत पाठभेद असतो, तसाच हा प्रकार आहे. पण बखरीतल्या एका शब्दासाठी चार पाने खर्च करणारा अभ्यासकही छायाचित्रासमोर आला की भाबडा होतो आणि हाती आलेली प्रत हीच मूळ संहिता मानून मोकळा होतो.

छायाचित्र मोठे करणे हा आरंभापासून प्रकाशाचाच प्रश्न होता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली; डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे लोक तिचे सभासद होते. त्या काळी मोठे चित्र हवे असेल तर तेवढीच मोठी निगेटिव्ह तयार करावी लागे. ती कागदावर दाबून उन्हात ठेवली की तिच्याच मापाचे चित्र उमटे. लहान काचेवरचे चित्र भिंगातून मोठे करून पडद्यावर पाडण्याची युक्ती ‘मॅजिक लँटर्न’मुळे सर्वांच्या परिचयाची होती. अडचण कागदाची होती. तो इतका मंद होता की तेलाच्या दिव्याने त्यावर काही उमटत नसे.

म्हणून पहिला समर्थ दिवा ठरला तो सूर्य. बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्ड याने १८५७ मध्ये सौर कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. मोठ्या भिंगाने ऊन गोळा करून निगेटिव्हमधून कागदावर पाडायचे, अशी ही रचना होती. सूर्य एका जागी थांबत नाही, म्हणून कोणीतरी जवळ उभे राहून यंत्र त्याच्याकडे वळवत राहायचे. उद्भासनाला तासन्‌तास लागत आणि ढग आला की काम थांबे. एवढे करून चित्र पुष्कळदा फिकेच उतरे आणि चित्रकार त्यावर रंग चढवीत. वुडवर्ड स्वतः चित्रकार होता, हे येथे विसरता कामा नये. त्या काळातील पुरुषभर उंचीच्या एखाद्या ‘छायाचित्रा’त निम्मे काम कुंचल्याचे असू शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रोमाइड कागद आले आणि कृत्रिम दिवा पुरेसा ठरू लागला. पुढे विजेचा बल्ब आला, एनलार्जर उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावरील पेटीत दिवा बसवणे हे डार्करूममधील पहिले काम झाले.

हे काम वाटते तितके सोपे नसते. निगेटिव्ह न घालता दिवा लावायचा, खालच्या पाटीवर पांढरा कागद ठेवायचा आणि पडलेला उजेड चारही कोपऱ्यांत सारखा आहे की नाही ते पाहायचे. नसेल तर बल्ब वरखाली, डावीउजवीकडे सरकवायचा आणि पुन्हा पाहायचे. साध्या बल्बच्या तोंडावर कंपनीचे नाव छापलेले असते आणि त्या अक्षरांची सावली चित्रात उतरण्याचा धोका असतो. म्हणून एनलार्जरसाठी अक्षरे नसलेला दुधी बल्ब वेगळा घ्यावा लागे. दिवा तिरका राहिला तर प्रिंटचा एक कोपरा फिका पडतो, कारण जेथे उजेड कमी तेथे कागद कमी काळवंडतो. अशा फिक्या कोपऱ्याला कोणी धुके म्हणेल, कोणी धूर म्हणेल. प्रत्यक्षात तो बोटभर सरकलेला बल्बही असू शकतो.

याहून मोठा भेद दिव्याच्या जातीत आहे. कंडेन्सर एनलार्जरमध्ये बल्बखालची जाड भिंगे प्रकाशाला एका दिशेने वळवून निगेटिव्हवर सोडतात. दुसऱ्या जातीत दुधी काचेमुळे प्रकाश आधीच विखुरलेला असतो. निगेटिव्हमधील चांदीचे कण एका दिशेने आलेला प्रकाश विखरतात. जेथे चांदी दाट, म्हणजे चित्रात जो भाग उजळ दिसायचा, तेथून तो अधिक विखुरतो आणि भिंगापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कंडेन्सरखाली पांढरे अधिक पांढरे होते, काळ्या-पांढऱ्यातील अंतर वाढते आणि निगेटिव्हवरील ओरखडे व धूळही स्पष्ट उमटते. विखुरलेल्या प्रकाशात हेच सारे सौम्य होते. आंद्रे कालिये या बेल्जियन संशोधकाने १९०९ मध्ये या घटनेचा अभ्यास मांडला आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेली डागडुजी लपवण्यासाठीही मऊ प्रकाश सोयीचा असे. जुन्या व्यक्तिचित्रातील नितळ चेहरा पाहून त्या माणसाच्या कातडीविषयी काही ठरवण्याआधी एवढे आठवलेले बरे.

नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांकडे बोट दाखवणारी माणसे त्यांत दिसतात. तेथे चित्र म्हणजे साक्ष, आणि त्या साक्षीचा जीव भिंतीवरील काळ्या ठिपक्यांत आहे. अशा निगेटिव्हवरून पुढे कोणी मोठे प्रिंट काढले, तर त्या खुणा किती ठसठशीत दिसतील आणि विटांची खडबड किती उठेल हे कागदाबरोबर दिवाही ठरवतो. खूण खोटी ठरत नाही. तिचा आवाज मात्र लहानमोठा होतो.

यावर नेहमीचे उत्तर असते की निगेटिव्ह खरी, प्रिंट दुय्यम. अॅन्सेल अॅडम्सचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे चित्र या उत्तराला पुरून उरते. १९४१ च्या या एका निगेटिव्हवरून त्याने आयुष्यभरात हजारावर प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिके ढग आहेत, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळे आहे. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रियाही केली. म्हणजे मूळ संहितासुद्धा स्थिर राहिली नाही. ८×१० इंची निगेटिव्हसाठी त्याच्याकडे जो एनलार्जर होता, त्यात ३६ दिवे होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र बटण होते. चित्राच्या कोणत्या भागावर किती उजेड पडावा, हे तो दिव्यांच्या पातळीवरच ठरवू शके. इतक्या विचाराने मांडलेला दिवा तांत्रिक तपशील म्हणून तळटीपेतही येऊ नये, हा अभ्यासकांचा आळस आहे.

भारतातील डार्करूमला आणखी एक त्रास होता, विजेच्या दाबाचा. टंगस्टन बल्बचा दाब १० टक्क्यांनी उतरला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो आणि पिवळटही होतो. कागद तर मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देतो, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून अधिक. स्टॅबिलायझर नसेल तर एकाच निगेटिव्हची, तेवढेच सेकंद मोजून काढलेली दोन प्रिंट वेगळी निघतात. अशा जोडीतील फिके प्रिंट ‘कालौघात उडाले’ असे नोंदवून टाकणे फार सोपे असते.

आज संग्रहालये आणि घराणी जुनी प्रिंट स्कॅन करत आहेत, आणि स्कॅन झाले की मागचा कागद व त्यामागची डार्करूम दोन्ही नजरेआड होतात. डार्करूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेली माणसे अजून गावोगावी आहेत. त्यांना चित्रातील माणसांची नावे विचारली जातात. तेथेच आणखी चार प्रश्न विचारायला हवेत: कंडेन्सर होता की दुधी काच, बल्ब किती वॅटचा, कागद कोणत्या ग्रेडचा, आणि स्टॅबिलायझर होता का. उत्तरे प्रिंटच्या मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत.