देशोदेशींचे आकडे आणि डिचोलीचा प्रपंच

परदेशांच्या व्यापाराचे, उत्पादनाचे आणि चलनाचे आकडे हा दिल्लीतील अधिकाऱ्यांचा, मुंबईतील पेढीवाल्यांचा आणि विद्यापीठांतील अध्यापकांचा विषय असून तालुक्याच्या गावी राहून प्रपंच करणाऱ्या गृहस्थाला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही, असे मत डिचोलीत आणि एकंदर गोमंतकात चांगली शिकलेली माणसेही निःशंकपणे बोलून दाखवितात. कोणी म्हणतात, आमच्या खाणी सरकारी हुकमाने आणि न्यायालयाच्या निकालाने बंद पडल्या, चीनच्या किंवा जपानच्या कोष्टकांनी नव्हे. कोणी म्हणतात, चीनसारख्या देशाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवर विसंबणे हाच मुळी भोळेपणा. आणि ज्यांना या दोन्ही वादांत पडायचे नसते ते, गोव्याचे दरडोई उत्पन्न भारतातील राज्यांत अग्रभागी असल्याचा दाखला देऊन, एवढी सुस्थिती असता ही उठाठेव कशाला, असे विचारतात. हे मत मला चुकीचे तर वाटतेच, पण या तालुक्यापुरते ते घातकही वाटते. म्हणून त्याचा सविस्तर परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिल्या आक्षेपाला अनुभवाचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतूक या दोहोंना मनाई केली. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने वर्षाकाठी दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती मनाई उठली. परंतु 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खनिज वाहणारे टिपर पुन्हा दारात उभे राहिले. ज्याने आपली गाडी एका हुकमाने थांबलेली आणि दुसऱ्या हुकमाने चालू झालेली पाहिली, त्याला सारा कारभार हुकमाचाच वाटला तर त्यात नवल नाही.

परंतु परवाना मिळणे निराळे आणि माल खपणे निराळे. बंदी उठल्यानंतर प्रत्यक्ष काम सुरू झाले ते 2015 च्या उत्तरार्धात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चीनच्या बंदरांतील लोहखनिजाचा भाव टनामागे 40 डॉलरांच्याही खाली गेला होता. हाच भाव 2011 च्या प्रारंभी 190 डॉलरांच्या घरात होता. न्यायालयाची संमती हातात असूनही खाणींना आणि गाडीवाल्यांना जी ओढाताण सोसावी लागली, वाहतुकीच्या दरावरून जे तंटे माजले, त्यांचे मूळ कोणत्या निकालपत्रात सापडणार? ते चीनमधील मंदावलेल्या बांधकामात आणि ऑस्ट्रेलिया व ब्राझील यांनी वाढविलेल्या उत्पादनात होते. हे सारे आकडे गुप्त नव्हते, दरमहा प्रसिद्ध होत होते; आपल्याकडे ते वाचण्याची प्रथा नव्हती, इतकेच.

या भावाचा आणि डिचोलीतील एखाद्या घराचा संबंध किती निकटचा आहे, हे टनाच्या जमाखर्चावरून कळेल. चीनच्या बंदरातील जो भाव रोज जाहीर होतो तो शेकडा 62 भाग लोह असलेल्या, कोरड्या वजनाच्या मालाचा असतो. आपला बहुतेक माल 60 च्या आतला. म्हणून हलक्या प्रतीची सूट भावातून प्रथम जाते, मग ओलाव्याचे वजन वजा होते. त्यानंतर मुरगाव ते चीन हे जहाजभाडे, जहाज भरण्याचा खर्च, मांडवीतून बार्जने माल नेण्याचा आणि पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळू आड आली म्हणजे कुंभारजुव्याच्या खाडीने जुवारीत वळण्याचा खर्च, सरकारी रॉयल्टी, निर्यातकर. आणि या सर्वांच्या मागे, अगदी शेवटी, खाणीपासून आमोणे-सारमानसच्या जेटीपर्यंत माल वाहणाऱ्या ट्रकाचे भाडे. चीनमध्ये भाव दहा डॉलरांनी उतरला म्हणजे जहाजवाला आपले भाडे त्या कारणाने दहा डॉलरांनी उतरवीत नाही, बंदरही आपला आकार सोडीत नाही. जी घट व्हायची ती या साखळीच्या मागच्या टोकाला, म्हणजे खाणमालकाच्या नफ्याला आणि त्याहूनही ट्रकमालकाच्या दराला भोवते. साखळीतला जो सर्वांत दुबळा, तोच परदेशच्या भावाला सर्वांत जवळून बांधलेला आहे. आणि नेमके त्यालाच आपण सांगतो की, बाबा, तो भाव पाहणे तुझे काम नव्हे!

निर्यातकराची कथाही याच जातीची. 30 डिसेंबर 2011 पासून तो शेकडा 30 झाला. 2015 मध्ये 58 टक्क्यांच्या आतील बारीक खनिजावर तो 10 पर्यंत उतरला आणि पुढील वर्षी त्या प्रतीवरून उठलाच. मे 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर देशातील महागाईचा निर्देशांक चढला आणि पोलाद स्वस्त करण्याच्या हेतूने हा कर एकदम शेकडा 50 करण्यात आला, तोही हलक्या प्रतीच्या खनिजासकट. वास्तविक ही हलकी प्रत देशातील कारखाने फारशी घेत नाहीत, हे गोव्यातील व्यापारी तेव्हाही ओरडून सांगत होते. 19 नोव्हेंबर 2022 रोजी हलक्या प्रतीवरचा तो कर परत निघाला. पण मधल्या सहा महिन्यांत ज्याने माल उचलण्याचा करार केला असेल, त्याचा हिशेब महागाईच्या एका आकड्याने उलटापालटा केला. हा कर हुकमानेच लागला, हे खरे. पण तो हुकूम ज्या आकड्यापोटी जन्मला तो आधी वाचता आला असता.

आता दुसरा आक्षेप, की हे आकडे खोटे असतात. प्रत्येक देश आपले उत्पन्न थोडे फुगवून सांगतो, असे मानले तरी व्यापाराच्या आकड्यांत एक सोय अशी आहे की त्यांची नोंद दोन दप्तरांत होते. मुरगावातून चीनला गेलेले खनिज भारताच्या निर्यातीत मांडले जाते आणि चीनच्या जकात खात्यात आयात म्हणून पुन्हा मांडले जाते. लोहखनिजाचा 2601 हा वर्गांक दोन्हीकडे एकच असल्यामुळे ते दोन आकडे शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. ते जुळणार नाहीत, हे आरंभीच समजून असावे. आपण जहाजावर चढविलेल्या मालाची किंमत लिहितो आणि ते त्यात जहाजभाडे व विमा मिळवून लिहितात, शिवाय डिसेंबरात निघालेले जहाज त्यांच्याकडे जानेवारीत लागते. पण ही कारणे वजा जाता जी तफावत उरते, ती शंका घेण्याजोगी असते आणि शंका कोठे घ्यावी हे तिच्यावरूनच कळते. खाणीतून काढलेला माल आणि बंदरातून गेलेला माल यांचा मेळ बसत नाही, हा 2012 च्या आगेमागे गोव्यात गाजलेल्या वादातला एक मुख्य मुद्दा होता, हे येथे आठवावे. सरकारी आकड्यांवर अविश्वास असणे, हे आकडे न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही. ते अधिक काळजीपूर्वक वाचण्याचे कारण आहे. पुढे चीनचे पंतप्रधान झालेले ली खछ्यांग हे ल्याओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख असताना, प्रांताच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यायला आपण विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे हे तीन आकडे पाहतो, असे अमेरिकेच्या राजदूतापाशी बोलले होते. ज्याला आपल्याच देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आकड्याचा भरवसा नव्हता, त्यानेही आकड्यांकडे पाठ फिरविली नाही; ज्यांत फसवणूक करणे अधिक अवघड, असे आकडे त्याने निवडले.

असे आकडे वाचून काय दिसते, ते आता पाहू. गोव्याच्या लोहखनिजाचे मोठे गिऱ्हाईक आधी जपान होते, मग चीन झाले. जपानचे पोलादाचे उत्पादन 1960 साली सुमारे दोन कोटी वीस लक्ष टन होते, ते 1973 पर्यंत बारा कोटींच्या आसपास गेले. आणि तेथे थांबले. त्यानंतर अर्धशतक लोटले, पण त्या आकड्यापुढे जपान खऱ्या अर्थाने सरकलेला नाही. शहरे, पूल, बंदरे, कारखाने एकदा बांधून झाले म्हणजे राष्ट्राची पोलादाची भूक शमते. चीनचे उत्पादन 2000 साली तेरा कोटी टनांच्या आत होते, 2010 साली त्रेसष्ट-चौसष्ट कोटी झाले आणि 2020 साली शंभर कोटींच्या वर गेले. गोव्याची निर्यात वर्षाला चार कोटी टनांच्या पुढे गेली ती याच चढाच्या काळात, आणि डिचोली, साखळी, पाळी, सुर्ल या भागांतील कुटुंबांनी जमीन गहाण टाकून टिपर घेतले तेही याच काळात. आता 2020 नंतर चीनचा आकडाही शंभर कोटींच्या आगेमागे घोटाळत आहे. जपानच्या बाबतीत जे घडले ते चीनच्या बाबतीत घडेलच असे प्रतिज्ञेवर सांगता येत नाही. पण ज्या तालुक्यातील पहिल्या खाणपट्ट्याचा लिलाव डिसेंबर 2022 मध्ये झाला आणि जेथे त्यानंतर उत्खनन पुन्हा सुरू झाले, त्या तालुक्यात नवे कर्ज काढणाऱ्याला ही दोन देशांची दोन कोष्टके कोणी शेजारी ठेवून दाखवीत नाही, हे मला अक्षम्य वाटते.

हा केवळ खनिजाचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. शेजारच्या पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर अनेक घरांनी रशियन पाहुण्यांच्या भरवशावर खोल्या वाढविल्या होत्या. 2014 च्या जूनमध्ये पिंपाला 110 डॉलरांच्या वर असलेले खनिज तेल, ज्याच्या निर्यातीवर रशियाचे चलन तगते, पुढल्या जानेवारीत 50 च्या खाली आले, क्रिमियाच्या प्रकरणावरून निर्बंध लागलेले होतेच, आणि डिसेंबरपर्यंत रुबल निम्म्यावर घसरला. ज्या रशियन कुटुंबाची मिळकत रुबलांत, त्याला मोरजीचा मुक्काम एकाएकी दुप्पट महाग झाला. त्या हंगामात रशियन विमाने घटली आणि खोल्या रिकाम्या राहिल्या. तेलाचा भाव उतरू लागला तो पावसाळ्यात, हंगाम सुरू होतो दिवाळीच्या सुमारास. खोली वाढवावी की नाही, उसनवार करावी की नाही, हे ठरविण्यास चार महिन्यांचा अवधी मिळत होता.

राहिला दरडोई उत्पन्नाचा दाखला. दरडोई उत्पन्न ही सरासरी आहे. ती उत्पन्न कोणाच्या घरी गेले हे सांगत नाही आणि ते कशातून आले हेही सांगत नाही. शेतातले पीक विकून आलेला रुपया आणि डोंगर विकून आलेला रुपया राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात एकाच रकान्यात पडतात. पीक पुढल्या पावसाळ्यात पुन्हा येते, डोंगर येत नाही. शिरगाव-मयेच्या परिसरात ज्यांच्या शेतात खाणीची माती उतरली आणि ज्यांच्या विहिरींचे पाणी तळाला गेले, त्यांना हा भेद कोणी समजावून द्यायला नको. प्रशांत महासागरातील नौरू या चिमुकल्या बेटाचे दरडोई उत्पन्न, तेथील फॉस्फेटच्या निर्यातीमुळे, 1970 च्या दशकात जगातील अत्युच्च उत्पन्नांत मोजले जात असे. फॉस्फेट सरले, त्यासाठी राखलेला निधी भलत्या गुंतवणुकीत गेला आणि त्या राष्ट्रावर दिवाळखोरीची पाळी आली. याउलट नॉर्वेने तेलाच्या उत्पन्नासाठी 1990 साली कायदा करून निधी स्थापला आणि तो जपला. आपल्याकडेही 2014 च्या निकालाने खनिजविक्रीतील शेकडा 10 भाग भावी पिढ्यांसाठी स्थायी निधीत टाकण्याचा आदेश दिला आहे. त्या निधीत किती जमा झाले आणि ते कोठे गुंतविले, हे विचारण्याची बुद्धी ज्याने नौरू आणि नॉर्वे यांचे आकडे पाहिले आहेत त्यालाच होईल. केवळ दरडोई उत्पन्नाचा क्रमांक पाहून संतुष्ट होणाऱ्याला होणार नाही.

शिवाय ही विद्या मराठी माणसाला परकी आहे, हेही खरे नाही. लोकहितवादींनी 1849 साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले. डॉ. आंबेडकरांनी 1923 साली रुपयाच्या विनिमयदराचा प्रश्न ग्रंथरूपाने मांडला. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा जो पुरावा उभा केला तो सरकारच्याच आयात-निर्यातीच्या कोष्टकांतून वेचलेला होता. परक्याच्या राज्यात, परक्याने छापलेले आकडे वाचून या मंडळींनी एका साम्राज्याला जाब विचारला. स्वराज्यात तालुक्याच्या वाचनालयात बसून चार आकडे वाचण्याचा आपणांस कंटाळा यावा, याचे मला दुःख होते.

आणि लागतात तरी फार थोडे आकडे. चीनचे मासिक पोलाद-उत्पादन, चीनच्या बंदरांत पडून असलेल्या खनिजाचा साठा, 62 आणि 58 या दोन प्रतींच्या भावांतील अंतर, आणि डॉलरचा रुपयांतील दर. बंदरांतील साठा वाढत असेल तर भाव टिकणार नाही. दोन प्रतींतील अंतर रुंदावत असेल तर आपल्या मालाला गिऱ्हाईक कमी. दोन आकडे एका दिशेला आणि दोन दुसऱ्या दिशेला गेले तर निर्णय लांबणीवर टाकावा. याहून अधिक पांडित्य डिचोलीच्या ट्रकमालकाला नको आहे, आणि एवढेसुद्धा त्याला आज मराठीत मिळत नाही. गोव्यातील मराठी वृत्तपत्रांनी ही चार ओळींची चौकट महिन्यातून एकदा छापावी. डिचोली आणि पेडणे येथील सहकारी पतसंस्थांनी ती आपल्या फलकावर लावावी, पेडण्याने तीत रुबलाचा आणि पाउंडाचा दर जोडावा. आणि गाडीच्या किंवा खोल्यांच्या कर्जाचा अर्ज संचालकांपुढे येईल तेव्हा अर्जदाराच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याशेजारी ही चौकटही मांडून मगच त्यावर सही करावी. येत्या हंगामासाठी कर्जाचे अर्ज येऊ लागण्यापूर्वी हे सुरू व्हावे, अशी या दोन्ही तालुक्यांतील संचालक मंडळींना माझी विनंती आहे.