धक्का कुणाचा, निकाल कुणाचा?

गेल्या रविवारी एक मित्र मला ओढून पुण्याच्या रेसकोर्सवर घेऊन गेला. अस्मादिक पक्के मध्यमवर्गीय. आमच्या घरी 'रेसला जाणं' म्हणजे सरळ सरळ 'वाया जाणं'. पण कॅम्पातल्या त्या मैदानावर पावसाळ्यात रेस असतात, तिकीट काढलं की कुणालाही बघता येतं, आणि वीकांताला हिंजवडीत बसून करायचं तरी काय? म्हणून गेलो. पैसे लावले नाहीत. (आई, हे वाक्य खास तुझ्यासाठी. :))

तिसरी की चौथी रेस असेल. शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये दोन घोडे अगदी खेटून. आतला घोडा थोडा बाहेर सरकल्यासारखा वाटला, बाहेरच्याने मान झटकली, आणि आतला पहिला आला. एकच गलका झाला. आणि मग लाउडस्पीकरवर घोषणा: ऑब्जेक्शन! दुसऱ्या आलेल्या जॉकीचं म्हणणं होतं की मला अडवलं. निकाल लटकला.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं मला सगळ्या रेसपेक्षा जास्त आवडली. आत्ता नाचणारे गप्प, आत्ता शिव्या देणारे आशेवर. एक गृहस्थ तर फेकून दिलेलं तिकीट चिखलात शोधत होते. आत स्टुअर्ड मंडळी वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेलं चित्रण बघतात, दोन्ही जॉकींचं ऐकतात आणि निर्णय देतात. त्या दिवशी निकाल कायम राहिला. मित्राने विचारलं, "आत नक्की बघतात काय रे?"

मला उत्तर येत नव्हतं. पण हा प्रसंग मी आधी बघितला होता. घोड्यांचा नव्हे, बैलांचा.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठच्या काळ्या रानातलं. २००८ साली मी पाचवीत होतो. शेजारच्या गावच्या जत्रेत शंकरपट होता, आणि आमच्या तात्यांची, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाची जोडी उतरली होती. सर्ज्या आणि पाखऱ्या. दोन छकडे शेजारी-शेजारी सुटले. झेंडीच्या थोडं अलीकडे आमचा पाखऱ्या डावीकडे सरकला आणि शेजारच्या जोडीला घासला. ती जोडी बिचकली, धुरकऱ्याचा तोल गेला, आणि आम्ही चांगलं छकडाभर अंतर राखून पहिले आलो.

पुढे जे झालं ते सांगायला नको. पंचांच्या मांडवात शंभर माणसं घुसली. तात्यांचं म्हणणं, "आपली जोडी तशीबी पुढंच होती की! धक्का नसता लागला तरी आपलाच नंबर होता." समोरच्यांचं म्हणणं, "धक्का मारला की बाद. पुढचं-मागचं काही नाही." पंचांनी तासभर कुजबुज केली आणि बक्षीस दोघांत निम्मं-निम्मं वाटलं. कारण सांगितलं नाही. ते समोरचे गृहस्थ म्हणजे आमचे धुऱ्याला धुरा लागून असलेले शेतकरी. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत. पाणी एकाच विहिरीचं, पाळ्या ठरलेल्या, पण निरोप गड्यामार्फत.

रेसकोर्सवरून आल्यावर रात्रभर जालावर या ऑब्जेक्शनचं वाचत बसलो. (सोमवारी हापिसात डोळे लाल. टीएलने विचारलं, रिलीज होती का?) आणि माझी गंमतच झाली. तात्या आणि शेजारी त्या मांडवात जे भांडत होते, त्यावरच जगातल्या घोड्यांच्या शर्यती दोन तटांत विभागल्या आहेत!

समजा अ पहिला आला, ब दुसरा, आणि अ ने ब ला अडवलं. पहिला नियम विचारतो: हा अडथळा आला नसता तर ब हा अ च्या पुढे गेला असता का? हो असेल तर जागा बदला. नसेल तर निकाल तोच, जॉकीला मात्र वेगळी शिक्षा. म्हणजे तात्यांचा नियम. दुसरा नियम म्हणतो: अ च्या चुकीमुळे ब ची वरची जागा मिळवायची संधी गेली ना? मग अ ला ब च्या मागे टाका, अ कितीही सरस असो. हा शेजाऱ्यांचा नियम. ब्रिटन पूर्वीपासून तात्यांच्या बाजूने. जपान जानेवारी २०१३ पासून, फ्रान्स आणि जर्मनी २०१८ पासून तिकडेच आले. अमेरिका आणि कॅनडा अजून शेजाऱ्यांच्या बाजूने आहेत.

जपानने बाजू बदलायच्या आधीची एक शर्यत बघा. २०१०ची जपान कप, टोकियो. ब्यूएना व्हिस्टा नावाची लाडकी घोडी पावणेदोन घोड्यांच्या अंतराने पहिली आली. पण वाटेत ती रोझ किंगडमच्या आड आली होती. तिला दुसरी केली, कप रोझ किंगडमला. आजच्या नियमात प्रश्न वेगळा विचारला गेला असता.

त्याहून मोठा गोंधळ अमेरिकेत, ४ मे २०१९ला, केंटकी डर्बीत. ओला ट्रॅक, मॅक्सिमम सिक्युरिटी पावणेदोन घोड्यांनीच पहिला. पण शेवटच्या वळणावर तो बाहेर सरकला आणि वॉर ऑफ विलसकट काही घोड्यांची लय बिघडली. तब्बल २२ मिनिटं स्टुअर्ड चित्रण बघत होते. निर्णय: पहिला आलेला घोडा सतरावा! सतरावाच का, तर ज्यांना त्रास झाला त्यांतला सगळ्यात मागचा होता त्याच्याही मागे ठेवायचा म्हणून. विजेता ठरला ६५ला १ भावाचा कंट्री हाउस. आणि ज्याला सगळ्यात जास्त झळ लागली तो वॉर ऑफ विल? तो आठव्याचा सातवा झाला. म्हणजे अन्याय एकावर आणि भरपाई दुसऱ्याला. निर्णयाचं निवेदन वाचून दाखवलं, पण प्रश्न घेतले नाहीत. त्यावर अपील नव्हतं. मालक कोर्टात गेले, २०१९ आणि २०२० मध्ये दोन्ही पायऱ्यांवर हरले.

तुम्ही म्हणाल, मग तात्यांचाच नियम बरोबर. थांबा. त्यातही मेख आहे.

ब्रिटनमधली २०१५ची सेंट लेजर. १२ सप्टेंबर, डॉनकास्टर. सिम्पल व्हर्स ही घोडी मुंडीभर अंतराने बाँडी बीचच्या पुढे आली. दोघांची वाटेत धडक झाली होती. स्टुअर्डांनी ठरवलं की धडक नसती तर बाँडी बीच जिंकला असता, आणि निकाल फिरवला. २३ सप्टेंबरला अपिलात दुसऱ्या मंडळाने तेच प्रकरण पाहिलं आणि पुन्हा सिम्पल व्हर्सला विजेती केलं. शर्यत एक, नियम एक, उत्तरं दोन!

कारण 'असतं-नसतं'चा हिशोब कुणालाच पक्का करता येत नाही. आपल्या धंद्यात दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच डेटावर तुटून पडल्या की त्याला 'रेस कंडिशन' म्हणतात. (नाव कुणी ठेवलं त्याला दंडवत.) त्यातला सगळ्यात छळणारा भाग हा की तीच परिस्थिती पुन्हा उभी करता येत नाही. लॉग बघून अंदाज बांधायचा. स्टुअर्डही तेच करतात. चित्रण कितीही बाजूंनी असो, ते झालेलं दाखवतं. न झालेलं दाखवणारा कॅमेरा अजून निघायचाय.

यावर इंजिनियरी उत्तर असं की टक्कर होऊच देऊ नका. काही शंकरपटांत एकेक जोडी एकटी सोडतात आणि घड्याळावर सेकंद मोजतात. धक्का नाही, तंटा नाही. पण खरं सांगा, शेजारी कुणी नसलेली शर्यत बघायला तुम्ही उन्हात उभे राहाल? खेटून पळणं हीच तर गंमत. गंमत ठेवायची तर तंटा सोडवायची रीतही ठेवावी लागेल.

तर आता माझं मत. स्टुअर्डांसमोर दोन वेगळे प्रश्न असतात: जिंकलं कोण, आणि चुकलं कोण. सगळा घोळ हे दोन्ही एकाच दाव्याला बांधल्यामुळे होतो. हापिसात रात्री सर्व्हर आडवा झाला की आधी डेटा बरोबर करतो. कुणाच्या कोडने पाडला हे सकाळच्या मीटिंगमध्ये. रात्री दोनला दोन्ही एकत्र केलं की डेटाही जातो आणि माणूसही. म्हणून मी पहिल्या नियमाच्या, तात्यांच्या बाजूने. निकालाने फक्त जिंकलं कोण एवढंच सांगावं.

पण, आणि हा 'पण' मोठा आहे, तात्यांची बाजू घ्यायची तर चुकीची शिक्षा खरी लागली पाहिजे. बक्षीस कोटीत आणि शिक्षा चार दिवस घरी बसायची असेल, तर कुठलाही हुशार जॉकी मनातल्या मनात गुणाकार करेल. दुसऱ्या नियमाच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो मला मान्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असं म्हटलं. मग दुसऱ्याची वाट न अडवता पुढे जाणं हा त्या कौशल्याचाच भाग झाला. ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या पाचशे किलोच्या जनावरावर माणूस बसलेला असतो. धक्का म्हणजे नुसता निकालाचा प्रश्न नाही, कुणाच्या तरी मणक्याचा आहे. ब्रिटनमध्ये जॉकीने जीवघेणी सवारी केली तर 'असतं-नसतं' न बघता घोडा सरळ बाद होतो. ते योग्यच आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण सांगा. सेंट लेजरचा निकाल दोनदा फिरला तरी लोकांना कळलं की का फिरला, कारण अपील होतं आणि बाजू मांडता आल्या. केंटकीत निर्णय कदाचित त्यांच्या नियमाला धरून होताही, पण प्रश्नच घेतले नाहीत म्हटल्यावर लोक आपापली उत्तरं तयार करणारच.

हे सगळं डोक्यात घेऊन परवा तात्यांना फोन लावला. मधल्या काळात पट बंद पडले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून पट भरतात. पाखऱ्या मात्र केव्हाच गेला. तात्यांना टोकियो सांगितलं, केंटकी सांगितलं, डॉनकास्टर सांगितलं. म्हटलं, "तात्या, तुम्ही बरोबर होता. अर्धं जग तुमच्या बाजूने आहे."

मला वाटलं खूष होतील. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "त्या धुरकऱ्याचं मनगट मोडलं व्हतं. त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. आम्ही नंबरावरच भांडत बसलो."

हे मला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला फक्त आमचा नंबर आठवत होता.

मी विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला का नाहीत त्यांच्याशी?"

"पंचांनी अर्धं बक्षीस हातात ठेवलं अन् उठून गेले. आमची चूक हाय का न्हाय, कुणी सांगितलंच न्हाई. मंग कुणी कुणाला काय म्हणायचं, लेकरा?"

चूक झाली असं पंचांनी स्पष्ट म्हटलं असतं, जिंकलात तुम्हीच पण धक्का तुमचाच, दंड भरा आणि त्या पोराला दवाखान्यात न्या, एवढं जरी म्हटलं असतं, तरी तात्या ते करून मोकळे झाले असते असं मला वाटतं. अर्थात हाही 'असतं-नसतं'चाच हिशोब.

दिवाळीत गावी जाणार आहे. विहिरीवर गाठ पडली तर गड्यामार्फत नको, थेट बोलून बघतो.