काळा हंस : अकल्पित, पण कोणाला?

१/ ‘काळा हंस’ म्हटले की आज आर्थिक अरिष्टे, महासाथी आणि अकल्पित उलथापालथी आठवतात. या प्रतीकाचा इतिहास मात्र एक अवघड प्रश्न पुढे ठेवतो : अकल्पित, पण कोणाला?

२/ रोमन उपहासकवी जुव्हेनाल याने आपल्या सहाव्या उपहासकाव्यात निर्दोष पत्नीची दुर्मिळता सांगण्यासाठी काळ्या हंसाची उपमा वापरली. युरोपाला ठाऊक असलेले सारे हंस पांढरे. त्यामुळे पुढे कित्येक शतके काळा हंस म्हणजे आपल्याकडचे शशशृंग वा आकाशपुष्पच ठरला.

३/ जानेवारी १६९७ मध्ये विलेम डी व्लामिंग हा डच दर्यावर्दी एका बेपत्ता जहाजाचा माग काढत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. आज जिथे पर्थ शहर आहे, तेथील नदीत त्याच्या पथकाला काळे हंस आढळले. नदीचे नाव पडले ‘हंस नदी’.

४/ बहुतेक कथने येथेच थांबतात. परंतु त्या नदीकाठी नूंगार लोक हजारो वर्षांपासून राहत होते. त्यांच्या भाषेत नदी ‘देर्बार्ल येरिगन’ आणि काळा हंस ‘माली’. त्यांना नवल वाटलेच असते, तर ते पांढऱ्या हंसाचे!

५/ तर्कशास्त्राने या पक्ष्यापासून मोठा धडा घेतला. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या ग्रंथात हे उदाहरण दिले : हजारो पांढरे हंस पाहूनही ‘सर्व हंस पांढरे’ हा निष्कर्ष सिद्ध होत नाही.

६/ २००७ मध्ये नसीम निकोलस तालेब यांच्या पुस्तकाने ही संज्ञा घरोघरी पोहोचवली. जे टर्कीसाठी अकल्पित, ते खाटकासाठी नव्हे, हेही त्यांनीच बजावले. लोकप्रिय वापरात नेमका हाच भाग गळून पडतो.

७/ १८२९ मध्ये ब्रिटिशांनी त्याच नदीकाठी वसाहत स्थापली. आज काळा हंस पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ध्वजावर विराजमान आहे; ज्यांनी त्याला आधी ओळखले, त्यांची भूमी मात्र हिरावली गेली.

८/ म्हणून माझे मत असे की काळा हंस हे दुर्मिळतेचे प्रतीक नसून, आपल्या अज्ञानालाच जगाची सीमा समजण्याच्या वृत्तीचे प्रतीक आहे. ‘अमुकाने शोध लावला’ हे वाक्य दिसताच, तेथे आधीपासून कोण राहत होते, हे विचारावे. इतिहासातला नीरक्षीरविवेक तेथूनच सुरू होतो.