फॉन्टची दुसरी चौकट हवी: द डॉक्युमेंट फाउंडेशनला खुले पत्र

मा. संचालक मंडळ, द डॉक्युमेंट फाउंडेशन, बर्लिन यांस,


२०१० पासून तुम्ही लिब्रेऑफिस मोफत आणि खुले ठेवले आहे. त्याचे मेन्यू मराठीतही मिळतात. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आणून जुने मेन्यू बाजूला सारले. तुम्ही २०१७ च्या ५.३ आवृत्तीत तशी पट्टी प्रायोगिक स्वरूपात आणली, पण जुनी मांडणीही राहू दिली. हात बसलेली मांडणी कुणाकडून काढून घ्यायची नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच हक्काने लिहितो आहे.

प्रश्न फॉन्टच्या चौकटीचा आहे. टूलबारवर ती एकच दिसते. आत मात्र रायटर, म्हणजे लिब्रेऑफिसचा लेखनाचा प्रोग्रॅम, रोमन लिपीसाठी एक फॉन्ट धरतो, देवनागरीसाठी दुसरा, चिनी-जपानीसाठी तिसरा. कर्सर ज्या लिपीत असेल तिच्या फॉन्टचे नाव चौकटीत येते. रिकाम्या पानावर अजून लिपीच नसते. तिथे फॉन्ट निवडून मराठी टाइप करायला घेतले, तर अक्षरे त्याच फॉन्टात उमटतील याची खात्री नाही.

आमचे कित्येक डीटीपीवाले कृतिदेवसारख्या फॉन्टांवर तयार झाले. त्या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्यांना ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच. म्हणून तिथे ती एक चौकट बिनबोभाट चालते. तोच माणूस युनिकोडकडे, म्हणजे देवनागरी अक्षर संगणकालाही देवनागरीच असते त्या पद्धतीकडे, वळला की तीच चौकट वेगळी वागते, आणि दोष युनिकोडच्या माथी जातो. युनिकोडमधला मजकूर शोधता येतो, फॉन्ट बदलला तरी वाचता येतो. युनिकोड सोडून लोक मागे फिरले तर नुकसान मराठीचे आहे.

देवनागरीचा फॉन्ट ठरवायची सोय तुम्ही दिली आहे, पण ती ऑप्शन्सच्या आणि शैलींच्या खिडक्यांत, ‘कॉम्प्लेक्स’ या नावाखाली. काही संगणकांवर भाषेच्या पानावर टिक केल्याशिवाय ती दिसतही नाही. अरबी, हिब्रू, थाई आणि देवनागरी यांची एकत्र मोट बांधणारे हे नाव प्रोग्रॅमरच्या सोयीचे आहे. पाटीवर अ-आ-इ गिरवलेल्या माणसाला आपली लिपी त्या शब्दाखाली शोधायचे सुचणार नाही.

माझी मागणी अशी: दस्तऐवजात देवनागरी आली, किंवा कीबोर्ड मराठी असला, की फॉन्टची दुसरी चौकट आपोआप दिसावी. एकीवर ‘अ’ची खूण, दुसरीवर रोमन ‘ए’ची. त्यासाठी टूलबारची नवी ओळ मात्र वाढवू नका. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर आधीच तोटा उंचीचा असतो. परिच्छेद-शैलीची चौकटही हलवू नका. पुस्तकाचे सगळे काम तिच्यावर चालते. आणि सेटिंगमध्ये लिपीला तिच्या नावाने, ‘देवनागरी’ म्हणून, हाक मारा.

चौकटीला वेळ लागणार असेल, तर निदान नाव आधी बदला.

कळावे,
आपला,
मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करणारा एक वापरकर्ता